दिवाळीत लिहिलेली आखाजी

नाना, तुझ्या शाळेची मंडळी तुझ्या आठवणींचं एक छोटं पुस्तक काढताहेत. गेल्या आठवड्यात दोन मास्तर घरी येऊन गेले. चहा झाला, तुझ्या गोष्टी झाल्या, आणि निघताना म्हणाले, "अक्का, सरांना तुमच्याइतकं जुनं कोणी ओळखत नाही. चार ओळी द्या. चांगलंच लिहाल, आम्हाला माहीत आहे."

तुझ्याबद्दल वाईट लिहिणारा माणूस अजून जन्माला यायचाय. पण लिहायला बसले आणि कळलं, खरं लिहायचं तर वाईट लिहावंच लागणार. तुझ्याबद्दल नाही, माझ्याबद्दल.

चार ओळींत ते मावणार नाही. मला थोडक्यात बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे. तू म्हणायचास, "वहिनी पाणी मागायला गेली तरी विहीर कोणी खणली तिथपासून सुरू करते." तर आज विहिरीपासूनच सुरू करते. ऐक.

शिरपूरकडचं माहेर सोडून मी या घरात सून म्हणून आले तेव्हा सोळा वर्षांची होते आणि तू, माझा धाकटा दीर, दुसरीत होतास. माझी शाळा तिसरीतच सुटलेली. अक्षरं ओळखायची, पण ती ओळख बाजारात भेटलेल्या माणसासारखी, चेहरा आठवतो आणि नाव आठवत नाही. तू चुलीजवळ बसून धडे मोठ्याने वाचायचास, मी भाकरी थापता थापता ऐकायची. एकदा तू मान वर केलीस आणि विचारलंस, "वहिनी, तू ओठ काबर हलावस?" मी लाजून चूर. तू हसला नाहीस. परातीतलं ज्वारीचं पीठ हाताने सारखं केलंस आणि बोटाने त्यात 'क्ष' काढलास. "हाऊ अवघड शे, पण तुन्हा नावमा शे. हाऊ आधी शिक." माझं नाव द्राक्षाबाई, आणि मला माझंच नाव लिहिता येत नव्हतं. सासूबाई ओरडल्या, "अन्नात काय रेघोट्या मारताय?" त्या पिठाच्या भाकरीही झाल्या आणि अक्षरंही झाली. तू इयत्ता चढत गेलास, मी तुझी मागच्या इयत्तेची पुस्तकं वाचत गेले. तू मास्तर झालास तोवर मी दहावीचं विज्ञान वाचून संपवलं होतं. परीक्षा तेवढी दिली नव्हती.

हे आधी सांगितलं, कारण पुढे मी जे खोटं लिहिलं ते तू दिलेल्या त्याच अक्षरांनी लिहिलं.

तुझ्या विद्यार्थ्यांत कोणी बाहेरगावचं असेल, त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने नवी घागर भरतात. तिच्यावर मातीची लोटी, लोटीवर खरबूज, सांजोऱ्या, आंबे. आणि घागरीखाली काळ्या मातीची चार ढेकळं ठेवतात. एक ज्येष्ठाचं, एक आषाढाचं, एक श्रावणाचं, एक भाद्रपदाचं. नवी घागर पाझरते. दुसऱ्या सकाळी ती उचलून बघायचं, कोणतं ढेकूळ सगळ्यात जास्त भिजलं. त्या महिन्यात पाऊस जास्त.

घागर घरोघरी असते, पण ढेकूळ विचारायला गाव आपल्या ओट्यावर यायचं, कारण माझ्या सासऱ्यांच्या, आबांच्या शब्दावर गावाचा विश्वास. आबा गेले आणि ते काम माझ्याकडे आलं. पहिल्या वर्षी मी आषाढ सांगितला. आषाढ कोरडा गेला. दुसऱ्या वर्षी श्रावण सांगितला, त्या श्रावणात धूळ उडाली. पारावर एकजण बोललाच, "आबासंगे आबानी घागर बी गई." मला ते फार लागलं. आता वाटतं, लागायचं काय होतं त्यात? माती ती, तिला काय ठाऊक. पण लागलं खरं.

तू तेव्हा आपल्याच गावच्या शाळेत विज्ञान शिकवत होतास. शाळेच्या अंगणात पत्र्याचं पर्जन्यमापक बसवलं होतंस, आणि पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला पोरांकडून पाऊस मोजून घेऊन रजिस्टरात लिहायचास. सुट्टी असो, ताप असो, साडेआठ म्हणजे साडेआठ. माझं उतरलेलं तोंड बघून तू पारोळ्याहून लाल पुठ्ठ्याची वही आणून दिलीस. म्हणालास, "वहिनी, बोललेलं लोक आपल्या सोयीनं आठवतात. तू लिहून ठेव. चुकलं तर चुकलं. लिहिलेलं असलं म्हणजे भांडण नाही."

तिसऱ्या आखाजीला मी घागर उचलली, ढेकळं पाहिली, वही उघडली. वर्ष लिहिलं आणि महिन्याच्या जागी हात थांबला. भीती वाटली, नाना. आजवर चूक नुसती बोलण्यात होती, आता ती लिहिलेली राहील. जागा कोरी सोडली आणि वही देव्हाऱ्यामागे ठेवली. लोक विचारायला आले तर म्हटलं, "आबा सांगून गेलेत, वही दिवाळीच्या पाडव्यालाच उघडायची. आधी सांगितलं की घागर रुसते."

आबा असं काही सांगून गेले नव्हते. आणि घागर कशाला रुसते?

पण लोकांनी मानलं. रीत म्हटली की माणसं 'का' विचारत नाहीत. त्या दिवाळीला धनत्रयोदशीच्या दिवशी तू रजिस्टर घेऊन बेरजा करत बसला होतास. मी करंज्या तळत होते. सहज विचारल्यासारखं विचारलं, "नाना, यंदा कोणत्या महिन्यात जास्त पडला रे?" तू मान वर न करता म्हणालास, "भाद्रपदात." मी हात पुसले, आत गेले आणि कोऱ्या जागेत 'भाद्रपद' लिहून आले. पाडव्याला ओट्यावर वही उघडली. माणसांनी माना डोलावल्या. बायकांनी तोंडाला पदर लावला. आणि सगळ्यात मोठ्याने "वा वहिनी!" म्हणणारा तूच होतास.

तिथून दरवर्षी हेच. सोळा वर्षं. आखाजीला ज्या पेनाने वर्ष लिहायची ते पेन दिवाळीपर्यंत वेगळं जपून ठेवायची, शाई निराळी दिसू नये म्हणून. चोराला सुचतं तेवढं शहाण्याला सुचत नाही. आणि एक सांगू? पुढे पुढे मला ते खोटं वाटेनासंच झालं. ढेकूळ खरंच कोणतं भिजलं होतं ते दिवाळीपर्यंत मी विसरायची. तू 'श्रावण' म्हणालास की मला आठवायचं, हो की, श्रावणाचंच ढेकूळ जास्त ओलं होतं, बोट लावलं तर चिखल लागला होता. चिखलसुद्धा आठवायचा मला!

मग मोहिनीचं प्रदर्शन आलं.

मोहिनी माझी नात, पण खोड सगळी तुझी. तू निवृत्त होऊन जळगावला, मेहरूणला मुलाकडे राहायला गेलास तेव्हा पर्जन्यमापक तिच्या हवाली करून गेलास. रजिस्टर मात्र तुझ्याकडेच राहिलं, आणि दर दिवाळीला ते घेऊन तू इथे बेरजा करायला यायचास. पावसाळ्यात रोज साडेआठला तिचा तुला फोन. "नाना आजोबा, बारा मिलिमीटर." झालं. कसे आहात नाही, जेवलात का नाही. मी म्हणायची, "अगं, माणूस आहे तो, का हवामान खातं?" तर तू तिकडून म्हणायचास, "वहिनी, पोरगी कामाचं बोलते, तुझ्यासारखं नाही."

गेल्या दिवाळीत ती तुझ्यासमोर कागद घेऊन बसली. आठवीतली पोर, पारोळ्याला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. विषय तिने मोठ्या अक्षरांत लिहून आणला होता: 'जुन्या लोकांचे ज्ञान, शाप की वरदान?'

तू चष्मा कपाळावर सरकवलास. "पोरी, हाऊ प्रश्न नही. हाई वक्तृत्व स्पर्धा शे."

तिने खोडलं आणि लिहिलं, 'ढेकळांना पाऊस कळतो का?'

"ढेकळाला काय कळतं ते ढेकळालाच विचार. आपल्याला मोजता काय येतं ते सांग."

"पाऊस. रजिस्टरमध्ये आहे."

"आणखी?"

"ढेकूळ. आजीच्या वहीत आहे."

"मग दोन्ही एका वाक्यात आण."

पोरीने पेन चावलं, छताकडे बघितलं, चार कागद फाडले. पाचव्यांदा लिहून आणलं: 'आखाजीला ज्या महिन्याचं ढेकूळ सगळ्यात जास्त भिजलं, त्या वर्षी त्याच महिन्यात सगळ्यात जास्त पाऊस पडला का?' तू ते दोनदा वाचलंस आणि तिच्या पाठीत धपाटा घातलास. "आता झाला प्रश्न. याला 'हो' म्हणता येतं आणि 'नाही' पण म्हणता येतं. 'नाही' म्हणायला जागाच नसली ना, मोहिनी, तर तो प्रश्न नसतो. ती आरती असते."

मी तिथेच शेव-चिवड्याच्या ताटल्या भरत होते. तुझं ते वाक्य ऐकलं आणि भरलेल्या ताटलीतच पुन्हा चिवडा ओतला.

तुम्ही दोघांनी मग आधी ठरवायच्या गोष्टी ठरवल्या. तू म्हणालास, "आकडे बघायच्या आधी नियम करायचे. आकडे बघून नियम केले की आपण आपल्यालाच फसवतो." अधिक श्रावण आला त्या वर्षी काय करायचं? दोन्ही श्रावण एकत्र धरायचे, तेही आधीच लिहून टाका. नुसतं डोळे मिटून बोट ठेवलं तर किती वेळा लागेल? चार महिने, सोळा वर्षं, म्हणजे चारदा तर आंधळ्याचंही बरोबर येईल. "आणि दरवर्षी नुसतं 'श्रावण श्रावण' म्हणणारा पोपट किती वेळा बरोबर येतो तेही काढ," तू म्हणालास. मोहिनी खिदळली. मीही हसले. आत काय चाललं होतं ते माझं मला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. घरचीच माणसं होती. तू, मी आणि एक पोर. तुझे भाऊ, म्हणजे आमचे हे, ओट्यावर डुलकी घेत होते. एवढं सोपं पुन्हा कधी होणार नव्हतं. पण मी म्हटलं, बघू. जुळलं तर जुळलं. तिला बक्षीस मिळेल.

दोन दिवस तुम्ही कॅलेंडर, रजिस्टर आणि माझी लाल वही पसरून बसला होतात. सगळ्या वर्षांच्या बेरजा मोहिनीने नव्याने केल्या. तिसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात नाचतच आली. "आजी! सोळात पंधरा! एकच चुकलं! आणि ते पण बरं झालं, सगळी जुळली असती तर कोणी विश्वास नसता ठेवला."

मी बाहेर आले. तू त्या चुकलेल्या वर्षावर बोट ठेवून बसला होतास. वहीत श्रावण होता आणि मोहिनीच्या बेरजेत भाद्रपद. तू ती बेरीज पुन्हा केलीस. मग पुन्हा. मग माझ्याकडे पाहिलंस.

"वहिनी, हाई वही तू कव्हय लिखस?"

"कव्हय म्हणजे? आखाजीला."

"आखाजीलेच?"

"मग काय दिवाळीला लिहू?" असं म्हणून मी हसले.

तू हसला नाहीस. संध्याकाळी मोहिनीला म्हणालास, "पोरी, यंदा राहू दे. येत्या आखाजीपासून नव्याने मोजू, पुढच्या वर्षी मांडू." ती रडवेली झाली. आणि मी, मी काय बोलले ते तुला आठवत असेल. "इतकं जुळलंय तरी तुझं समाधान नाही? शिकलेल्या माणसाला घरचं खरं कधी रुचतच नाही." तू गप्प झालास. तुझ्या गप्प होण्याचा अर्थ मी तेव्हा असा लावला, की मी जिंकले.

प्रदर्शनाला मी ठेवणीतलं लुगडं नेसून गेले. नातीच्या टेबलामागे खुर्ची टाकून बसले, जशी काही माझीच पूजा मांडली होती. एका बाजूला धूर सोडणारा ज्वालामुखी, दुसऱ्या बाजूला ठिबक सिंचनाचं शेत, मध्ये आमची चार ढेकळं, घागर, लाल वही आणि तुझं रजिस्टर. तू मेहरूणहून पहाटेची बस धरून आला होतास. परीक्षक बाईंनी मोहिनीचा प्रश्न वाचला आणि म्हणाल्या, "प्रश्न छान मांडलाय. कोणी शिकवलं?" पोरीचा चेहरा असा उजळला! मग त्यांनी तक्ता पाहिला. सोळात पंधरा. त्यांच्या भुवया वर गेल्या.

"वहीतल्या नोंदी कधी केल्या?"

"आजी आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी करते," मोहिनी म्हणाली.

बाई माझ्याकडे वळल्या. "आजी, खरंच? त्याच सकाळी?"

तू माझ्या डाव्या हाताला उभा होतास, नाना. मोहिनी समोर. आजूबाजूला पोरं, मास्तर, आया. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "हो."

बाई हसल्या. "मग हवामान खातं बंद करून आजींनाच बसवू या." सगळे हसले. मग त्या खाली वाकल्या आणि मोहिनीला समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "बाळ, प्रश्न इतका चांगला आणि आकडे असे जुळवून आणायचे? असं करू नये. कळतं ते."

चोरी माझी आणि आळ पोरीवर आला. मी खुर्चीत बसून राहिले. उठून एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले. बोललास तू. "मॅडम, मुलीने एकही आकडा बदललेला नाही. मार्गदर्शक मी आहे. चूक असेल तर माझी धरा." बत्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस, आपल्या लेकीच्या वयाच्या बाईसमोर हात जोडून उभा होता. आणि तुला तेव्हा सगळं माहीत होतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर? तर काय, नाना, मला खरंच सांगता येत नाही.

घरी आलो तर ओट्यावर माणसं निकाल विचारायला बसलेलीच. मोहिनी कोणाकडे न बघता आत गेली. कोणीतरी विचारलं, "काय झालं व अक्का?" आणि मी सगळा राग तुझ्यावर काढला. माझी जीभ किती चालते तुला माहीत आहे, पण त्या दिवशी ती तुझ्यावर चालली. "याच्या त्या प्रश्नाने घात केला. चांगला ज्वालामुखी करून दिला असता तर कप घेऊन आली असती पोर. पण नाही, याला आपल्याच घरची रीत तपासायची होती. आबांची घागर चव्हाट्यावर नेली याने."

तू चपला घालत होतास. एवढंच म्हणालास, "वहिनी, प्रश्नात खोट नव्हती."

चहा न घेता गेलास. सुमनशी तुझं लग्न झालं तेव्हासुद्धा तू माझ्या हातचा चहा घेतल्याशिवाय बोहल्यावर चढला नव्हतास.

संक्रांतीला तुझा फोन आला. मी समोरच होते, तीळ भाजत. मोहिनीला खुणेने सांगितलं, सांग आजी दळणाला गेली. ती तुला तसं म्हणाली. तुला माझी कढई ऐकू आलीच असेल. "बरं," म्हणालास, "आजीला म्हणावं तिळगूळ घे." तो तिळगूळ राहिला. चैत्रात एका सकाळी तू मेहरूणच्या तलावावरून फिरून आलास, खुर्चीत बसलास, सुमनला पाणी मागितलंस आणि ती पाणी घेऊन येईपर्यंत गेलास. साडेआठ वाजले होते म्हणे. तुझा मुलगा सांगत होता आणि मला वेड्यासारखं वाटत होतं, की याने आज काय मोजलं असेल.

दशक्रियेनंतर तुझ्या बायकोने, सुमनने, माझ्या हातात रजिस्टर दिलं. "अक्का, ह्यांनी सांगून ठेवलं होतं, हे मोहिनीचं." जळगावहून येताना बसमध्ये मी ते मांडीवर घेतलं आणि उघडलं. पानंच्या पानं तुझे ते बारीक आकडे. त्या चुकलेल्या वर्षापाशी पेन्सिलीची खूण होती. शेजारी लिहिलं होतं: 'तेव्हा बेरीज चुकली होती. खरा भाद्रपद. त्या दिवाळीला वहिनीला मी श्रावण सांगितला होता.'

म्हणजे माझ्या वहीतलं जे एकच चुकलं, ते ढेकूळ चुकलं नव्हतं. तुझी बेरीज चुकली होती आणि मी तुझी चूक उतरवून घेतली होती. पोराने शेजारच्याचं उत्तर चुकीसकट उतरवावं आणि मास्तरने तेवढ्यावरून ओळखावं, तसं तू मला ओळखलं होतंस. खाली दिवाळीतली तारीख होती, तू मला विचारलंस त्याच दिवसाची. आणि तारखेखाली आणखी दोन शब्द.

'वहिनी सांगेल.'

पारोळा येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. काही दिसत नव्हतं.

आता सगळ्यात लाजेची गोष्ट लिहिते. रजिस्टर मी मोहिनीला दिलं नाही. आठ दिवस गव्हाच्या कोठीत लपवून ठेवलं. एका दुपारी ती शाळेत असताना तिच्या दप्तराच्या कप्प्यातलं खोडरबर घेतलं, रजिस्टर काढलं आणि खोडायला बसले. वरची ओळ मी खोडलीही असती, नाना. तुझ्यापासून आता काय लपवायचं, तू तर गेलास. पण 'वहिनी सांगेल' यावर खोडरबर टेकवलं आणि हात पुढे जाईना. माझ्याबद्दल कोणी लिहिलेली ती एकमेव गोष्ट होती जी अजून खोटी ठरली नव्हती.

मोहिनी शाळेतून आली. मी तिला दप्तरसुद्धा काढू दिलं नाही. तिथेच उंबऱ्यात बसवलं आणि सांगितलं. विहिरीपासून नाही, या खेपेला थेट पाण्यापासून. ती ऐकत राहिली. पेन्सिलीची ओळ तिने स्वतः वाचली. मग म्हणाली, "त्या बाईंनी मला खोटारडी म्हटलं, तेव्हा तू तिथेच होतीस."

"होते."

"आणि नाना आजोबांना माहीत होतं."

"होतं."

ती उठून आत गेली. रात्रीच्या जेवणाला माझ्या शेजारी बसली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चार दिवस या घरात मला कोणी "आजी" म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं. पाचव्या दिवशी मी अंगणात वाल निवडत होते तर समोर येऊन उभी राहिली, हातात लाल वही.

"म्हणजे सोळापैकी खरी नोंद एक पण नाही?"

"एक पण नाही."

"शून्य?"

"शून्य."

"मग आपल्याला काहीच माहीत नाही," ती म्हणाली. "ढेकळं खरं सांगतात की खोटं, काहीच नाही. हो पण नाही, नाही पण नाही." आणि नाना, ती रागावलेली नव्हती. तुझा तो चष्मा कपाळावर सरकवतानाचा चेहरा होता तिचा. "प्रश्न तसाच आहे अजून."

मी म्हटलं, "पुन्हा सोळा वर्षं मोजायची म्हटलं तर मी कुठली राहते तोवर?"

"नाही राहिलीस तर मी भरेन घागर. तुझ्या नावाने." असं म्हणून निघून गेली. ही शिक्षा होती की माफी, मी विचारलं नाही.

परवा आखाजी झाली. मेहरूणला सुमनने तुझी घागर भरली आणि इथे जुन्या घरात मी. तुला आवडायचं तसं बारीक जाळीचं खरबूज मिळालं. ढेकळं मोहिनीने ठेवली. मला हात लावू दिला नाही. चारही एकाच बांधावरची, वजनाच्या काट्यावर सारखी करून. खाली खडूने नावं लिहिली. घागर कलती नाही ना हे बघायला गवंड्याची पाणसळ घेऊन आली. तुझे भाऊ म्हणाले, "देवाचं काम शे का भिंत बांधी राह्यनी?"

काल सकाळी घागर आम्ही दोघींनी उचलली. ढेकळं पाहिली. तिने एका कोऱ्या कागदावर महिना लिहिला आणि कागद माझ्यासमोर सरकवला. "सही कर. खाली तारीख टाक. वेळ पण."

मी सही केली. 'क्ष' थोडा वाकडा आला. आठ वाजून दहा मिनिटं, असं लिहिलं. कागद पाकिटात गेला, पाकीट शाळेत, तिच्या वर्गाच्या बाईंच्या कपाटात. जाताना ओट्यावरच्या मंडळींनी विचारलं, "अक्का, यंदा वही पाडव्यालाच ना?" मी म्हटलं, वही आता नाही. वहीचं काय झालं ते नानांच्या पुस्तकात लिहून देते आहे, छापून आलं की वाचा. त्यांना वाटलं मी तुझी स्तुती लिहिते आहे.

नाना, दिवाळीला धनत्रयोदशीच्या दिवशी मोहिनी तुझ्या जागी बसून बेरजा करेल. मी करंज्या तळत असेन. तिला काही विचारणार नाही. माझा महिना लिहिलेला आहे. चुकला तर चुकला.